शेल्बीचे सोळा आठवडे

"अजून किती पानं आहेत?" अझरायाने विचारलं. तो शेगडीजवळ बसून मोजे वाळवत होता, म्हणजे पायात घातलेलेच वाळवत होता.

"चार."

"एवढ्या वेळात मी एक होडी बांधली असती."

"तू गप्प बस आणि मी विचारते तेवढ्याचं उत्तर दे. तुमच्याकडे किती माणसं कामाला आहेत?"

"एक."

"कोण?"

"मी."

"आणि मी कोण? बिलं कोण करतं? लोकांच्या मागे लागून पैसे कोण आणतं? चहा कोण पोचवतं खाली?"

"तुला पगार कुठे देतो मी? पगारी माणसं विचारत असतील ते. एक लिही. आणि त्यालाही कधीमधीच मिळतो म्हणावं."

मी 'एक' लिहिलं. पेन्सिलीनेच लिहीत होते. दुसऱ्या दिवशी वाचनालयात एफी नोबलबाई ते सगळं संगणकावर चढवून देणार होत्या. एफीबाईंनीच मला वयाच्या चोपन्नाव्या वर्षी वाचायला शिकवलं होतं, वाचनालयाच्या तळघरात, मंगळवारी आणि गुरुवारी. तेव्हापासून आमच्या घरात कागद आला की तो माझ्या वाटणीचा. अझराया त्या तळघरात कधी आला नाही. त्याला गरज वाटली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचं काही अडतही नव्हतं.

"विद्यार्थिनीला या कामातून काय शिकायला मिळेल?"

"थंडीत उभं राहायला."

"नीट सांग, अझ."

तो जरा सरळ बसला. "डिझेल इंजिन उघडायचं आणि परत जोडायचं. शाफ्ट सरळ करायचा. पंखा बसवायचा. बोट ओढायचा विंच चालवायचा. आणि बोट वर ओढत असताना तिच्या वाटेत उभं राहायचं नाही. हे मोठ्या अक्षरात लिही."

मी लिहिलं. पुढचा प्रश्न मी आधी मनात वाचला, कारण तो लांब होता. लांब वाक्य मी अजूनही आधी मनात वाचते आणि मग मोठ्याने. विद्यार्थी हा मालकाच्या जवळच्या कुटुंबातला आहे का? पुढे यादी होती: नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. असल्यास अनुदान मिळणार नाही.

मी तो तीनदा वाचला.

"काय विचारलंय?" अझराया म्हणाला.

"काही नाही. पत्ता विचारलाय."

"ड्रोक कोव्ह, खालचा रस्ता. वरचा लिहू नकोस, नाहीतर माणूस पेकच्या घरी जाऊन बसेल."

मी 'नाही' समोरच्या चौकटीत खूण केली आणि पान उलटलं.

आमची शेल्बी त्या वेळी सेंट जॉन्सला होती. जहाजांच्या यंत्रांचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजात तिचं शेवटचं वर्ष होतं. त्या शिक्षणात तीन वेळा सोळा-सोळा आठवडे पगारी काम करावं लागतं, त्याशिवाय पदवी हातात पडत नाही. दोन झाली होती. तिसरं हॅलिफॅक्सच्या एका गोदीत ठरलं होतं, आणि ऑगस्टमध्ये त्या लोकांनी कळवलं की या खेपेला जागा नाही. मग तिने वीस ठिकाणी विचारलं. कुठेच काही हाती लागलं नाही. शेवटी एके दिवशी फोन करून म्हणाली, "आई, आपल्या शेडमध्येच काम केलं तर? कॉलेज हो म्हणतंय. फक्त पगार खराखुरा पाहिजे, कागदावर दिसणारा."

आमच्याकडे तिला सोळा आठवडे पगार देण्याइतके पैसे नव्हते. त्या वर्षी खेकड्याला भाव नव्हता, आणि खेकड्याला भाव नसला की लोक बोट दुरुस्तीला आणत नाहीत, तशीच रेटतात. तेव्हा शेल्बीनेच मला या अनुदानाचं सांगितलं. कॉलेजात शिकणाऱ्या पोराला कुणी पगारावर कामाला ठेवलं, तर त्या पगारातला निम्मा वाटा सरकार मालकाला परत देतं. मुलगी असून यंत्राचं शिकत असेल तर त्याहून जास्त, सात हजार डॉलरपर्यंत. आधी आपण द्यायचे, काम संपलं की ते देतात. विंचसाठी नवी तार घ्यायची म्हणून बाजूला ठेवलेले पैसे होते, ते आधी वापरता येणार होते.

त्या खुणेबद्दल मी एफीबाईंना विचारलं होतं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "डल्सी, कागदावर ती तुमची कुणी आहे का?"

"कागदावर? नाही."

"मग खूण बरोबर आहे."

आणि ते खरंच होतं. शेल्बीचं आडनाव पार्डी, आमचं टल्क. तिचा आजोबा ज्यूड पार्डी अझरायाचा बोटीतला भागीदार होता. तो बुडाला त्या वर्षी त्याची मुलगी व्हर्ना सतरा वर्षांची होती. पुढे दोन वर्षांनी एका फेब्रुवारीत ती दहा महिन्यांचं बाळ घेऊन आमच्या स्वयंपाकघरात आली. बाहेर टॅक्सी उभी होती. ती अल्बर्टाला कामाला चालली होती. कोट न काढताच टेबलाशी उभी राहिली आणि अझरायाला म्हणाली, "हिला तुम्ही ठेवाल का?"

"ठेवायची म्हणजे तू परत येईपर्यंत?"

"नाही. तुमचीच म्हणून."

अझरायाने माझ्याकडे पाहिलं. आमचं लग्न होऊन तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. मी काही बोलले नाही, पण त्याला कळलं. तो म्हणाला, "ठेवू." व्हर्नाने बाळ त्याच्या हातात दिलं, माझ्या नाही. टॅक्सी गेली. एवढंच झालं. वकील नाही, कोर्ट नाही, सही नाही. आमच्या किनाऱ्यावर पूर्वी असंच व्हायचं. ज्या घरात पोरं जास्त होती त्यांनी जिथे नव्हती तिथे द्यायची, आणि दिली की दिली. माझी स्वतःची आत्या अशीच दिलेली होती. पहिले दोन नाताळ व्हर्नाचा फोन आला, मग येणं बंद झालं.

अझरायाच्या बोलण्याबद्दल एक सांगायला हवं. तो बोललेला शब्द पाळायचा असं मी म्हणत नाही, तसं तर सगळेच आपापल्याबद्दल म्हणतात. त्याचं वेगळं होतं. तोंडातून बाहेर पडलं की ते त्याच्या हातात राहत नसे. एकदा पत्ते खेळताना माझ्या भावाशी, क्लूनीशी, त्याचं वाजलं आणि तो म्हणाला, "तुझ्या घरात मी पुन्हा चहा पिणार नाही." दुसऱ्या दिवशी राग गेला. तिसऱ्या दिवशी दोघं मिळून मासे धरायला गेले. पण अकरा वर्षं, दर नाताळला, हा माणूस क्लूनीच्या घरी जायचा, गाणी म्हणायचा, केकचे तीन तुकडे खायचा आणि चहाला हात लावायचा नाही. केकबद्दल तो काही बोलला नव्हता. क्लूनी म्हणायचा, "अरे, मी तुला माफ केलं." हा म्हणायचा, "तू केलंस रे. पण बोललो मी होतो." क्लूनी गेला, त्याला पुरून आल्यावर वहिनीने कप पुढे केला, तेव्हाही त्याने घेतला नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. म्हणूनच मी तो प्रश्न वाचून दाखवला नाही. मला वाटलं, कागदावरची खूण आहे, कागदावर राहील.

शेल्बी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी कामाला लागली. त्या दिवशी ती सकाळी सातला जिन्यावरून खाली आली, टेबलाशी बसली, काकवीबरोबर कणकेचे चार तळलेले टाउटन खाल्ले आणि म्हणाली, "मालक, पहिला दिवस आहे. माझ्यासाठी गाडी पाठवणार की चालत येऊ?"

"उशीर झाला तर पगार कापीन," अझराया म्हणाला.

"मी जेवत असताना माझ्या अंगावर कोण ओरडतं? कामगार खात्याला कळवते."

"कळव. फोन शेडमध्ये आहे."

शेड घरापासून ऐंशी पावलांवर, पाण्याला लागून. दिवसभर वर स्वयंपाकघरात मला दोघांचे आवाज यायचे. तो बहिऱ्यासारखा ओरडायचा, कारण इंजिनांपायी त्याचे कान गेले होते, आणि ती त्याला ऐकू जावं म्हणून ओरडायची. लांबून वाटायचं की भांडतायत. वरच्या रस्त्यावरचा गार्लंड पेक एकदा मला विचारायला आला, "डल्सी, ते एकमेकांना मारणार तर नाहीत ना?" मी म्हटलं, नाही, ते दोघं सुखात आहेत.

आणि खरंच होते. गेल्या चार वर्षांत ती सुट्टीपुरती यायची आणि जायची. आता रोज जेवणाच्या टेबलावर दोघंही तेलकट नखांनी बसायची. अझराया तिच्या ताटात कॉड माशाच्या तळलेल्या जिभा वाढायचा, स्वतःच्या ताटातल्यासुद्धा. लहानपणापासून वाढत होता. ती म्हणायची, "बाबा, मला आता खरंच आवडत नाहीत त्या." तो म्हणायचा, "खा पोरी, खा," आणि ती खायची.

फोन आला तो नवव्या आठवड्यात. नोव्हेंबरचे पहिले दिवस होते, पाण्यावर बर्फाची पातळ साय धरायला लागली होती. मी दहाचा चहा घेऊन खाली गेले, तर शेडमधला फोन वाजत होता. अझरायाला ऐकू यावं म्हणून शेल्बीने त्या फोनचा आवाज सगळ्या शेडभर येईल असं करून ठेवलं होतं. ती स्वतः पेकच्या बोटीच्या पोटात इंजिनाशेजारी उलटी शिरली होती. तिचे फक्त बूट दिसत होते.

"मिस्टर टल्क? मी ओटावाहून नताली बोलतेय, अनुदानाच्या कार्यालयातून. दोन मिनिटं आहेत का?"

"दोन आहेत. तिसऱ्याचं मग बघू."

ती हसली. आवाजावरून तरुण होती. "तुमच्याकडची विद्यार्थिनी कशी काम करते? काही अडचण?"

"अडचण?" अझराया खुलला. त्याच्याशी या विषयावर कुणी बोलावं याचीच तो वाट पाहत असायचा. "बाई, काल तिने सहा सिलिंडरचं इंजिन एकटीने उघडलं. तिच्या वयात मला नसतं जमलं. आणि हे काही कॉलेजात नाही शिकली ती. सहा वर्षांची असल्यापासून माझ्या पायात पायात असायची. माझी पोरगी आहे म्हणून सांगत नाही..."

मी दारातच थांबले.

फोनमधून कागद चाळल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "मिस्टर टल्क, शेल्बी पार्डी तुमची मुलगी आहे?"

"मग कुणाची?"

"अर्जात तसं नाहीये. अर्जात विचारलंय, जवळच्या कुटुंबातली आहे का, आणि तिथे 'नाही' आहे." तिचा आवाज हळू झाला. "मालकाची मुलगी असेल तर हे काम नियमात बसत नाही. मला ते रद्द करावं लागेल. कॉलेजलाही कळवावं लागेल. मग त्यांच्याकडेही हे आठवडे धरले जाणार नाहीत."

अझरायाने हात पुसायचं फडकं खाली ठेवलं.

बाई वाईट नव्हती. मी तिला कधी दोष दिला नाही. ती म्हणाली, "तुमच्याकडे सगळे सगळ्यांना पोरी, बाळा म्हणतात हे मला माहीत आहे. गेल्या आठवड्यात तुमच्याच बाजूचा एकजण मला 'लाडके' म्हणाला. म्हणून मी एकदाच सरळ विचारते, आणि तुम्ही सांगाल तेच लिहिते. ती तुमची मुलगी आहे का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. काय बोलू असं विचारायला नाही. त्या रात्री 'पत्ता विचारलाय' म्हणत मी कोणता प्रश्न झाकला होता, हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. मग त्याने बोटीकडे पाहिलं. शेल्बीचे बूट हलायचे थांबले होते.

"नाही," अझराया म्हणाला.

"काही नातं?"

"काही नाही. आमच्याकडे राहते. काम चांगलं करते."

"ठीक आहे, मिस्टर टल्क. मग सगळं जसं आहे तसंच राहील. थँक यू."

फोन बंद झाला. शेल्बी मागे सरकत बाहेर आली, कपाळाला काळं लागलेलं, आणि हसत सुटली. "बाबा! काय नाटक केलंत! माझा तर जीवच गेला होता आत. 'आमच्याकडे राहते' म्हणे! मग भाडं घेणार की काय आता?"

ती माझ्याकडे वळली. मीही हसायला गेले.

अझराया म्हणाला, "नऊ-सोळांशाचा पाना कुठे ठेवलास, शेल्बी?"

ती पाना शोधायला गेली. त्याने चहा घेतला नाही. मी किटली तिथेच ठेवून वर आले.

संध्याकाळी शेल्बी मैत्रिणीकडे गेली तेव्हा मी विषय काढला. म्हटलं, "ते फॉर्मपुरतं होतं, अझ."

"मला वाचून का नाही दाखवलंस?"

"तू नाही म्हणाला असतास. मग तिचं वर्ष गेलं असतं."

"हं." त्याने शेगडीत एक ओंडका सारला. "व्हर्नाने आपल्याला काय लिहून दिलं होतं?"

"काही नाही."

"मग ती आपली कशावरून होती?"

मी कप धुवायला घेतले.

"मी 'ठेवू' म्हणालो होतो, त्यावरून. दुसरं काही नव्हतं, डल्सी. तेवढंच होतं. आणि आज मी 'नाही' म्हणालो."

"एका अनोळखी बाईला म्हणालास! ओटावाच्या!"

"कुणाला का असेना. बोललो तर मीच ना?" तो म्हणाला आणि झोपायला गेला.

मला वाटलं, चार दिवसांत विसरेल. मीच विसरले होते की तो कोण आहे.

त्याने तिला काही वाईट वागवलं असं नाही. उलट, तो तिच्याशी फार नीट वागायला लागला. वरच्या तिच्या खोलीत जायचं झालं तर दार वाजवायचा. सकाळी म्हणायचा, "आज पेकची बोट उतरवू या, तुला चालत असेल तर." पोरी म्हणणं थांबलं. जिभांचं भांडं त्याने एका रविवारी तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "घे हव्या असतील तर." शेल्बीने भांड्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिने दोन वाढून घेतल्या आणि खाल्ल्या.

पंधरा दिवसांनी तिने मला कपडे वाळत घालताना गाठलं. "आई, बाबांना काय झालंय? माझं काही चुकलं का कामात?"

मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं, खुणेसकट. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "एवढ्यासाठी? वेडे आहेत का ते?" आणि हातातला चिमटा टोपलीत टाकून धक्क्याकडे गेली. मी तिच्या मागोमाग गेले. जायला नको होतं, पण गेले आणि शेडच्या कोपऱ्याशी थांबले.

तो धक्क्याच्या टोकाला दोर गुंडाळत होता.

"बाबा!"

"कामावर स्किपर म्हण. सगळे म्हणतात तसं."

"नाही म्हणणार. तुम्ही त्या बाईला खोटं बोललात. माझ्यासाठी बोललात. विषय संपला."

"मी खोटं बोलत नाही, शेल्बी."

"मग काय, खरं बोललात?"

त्याने दोराचा एक वेढा घातला, मग दुसरा. "बोललो तेव्हा खरं नव्हतं," तो म्हणाला. "बोलल्यावर झालं."

"मग परत बोला! आत्ता बोला. ही माझी मुलगी आहे म्हणा. हा समुद्र आहे, त्याला सांगा."

"ते म्हणणं माझ्या हातात नाही. तू दिलेली होतीस. मी सोडली. आता ज्याने दिली त्यानेच पुन्हा द्यायला पाहिजे, आणि व्हर्ना कुठे आहे ते देवाला ठाऊक."

शेल्बी त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. ती त्याच्यापेक्षा दोन बोटं उंच आहे. "मी एकवीस वर्षांची आहे," ती म्हणाली. "व्हर्नाचं काय घेऊन बसलात? माझी मी देते. घ्या."

मला वाटलं, आता झालं. त्याच्या हातातला दोर थांबला होता. तो खरोखर विचार करत होता, हे मला एवढ्या लांबून दिसत होतं. एखादा जुना शाफ्ट सरळ होण्यासारखा आहे की नाही हे बघताना जसा बघायचा, तसा तो तिच्याकडे बघत होता.

"तसं होत नाही गं," तो म्हणाला. "आपणच आपल्याला कुणाला देता येत नाही."

"आग लागो तुमच्या शब्दाला!" शेल्बी ओरडली. खाडीच्या पलीकडच्या बाजूलाही ऐकू गेलं असेल. "नाही म्हणायला तुम्हाला एक मिनिट लागलं नाही!"

"लागलं," तो म्हणाला. "तू आत होतीस. तुला दिसलं नाही."

त्यानंतर ती त्याच्याशी भांडली नाही. ती त्याला स्किपर म्हणायला लागली. पहिल्यांदा टोचायला म्हणाली, मग सवयीने म्हणाली. सोळा आठवडे नाताळच्या आधल्या शुक्रवारी संपले. कॉलेजला पाठवायच्या कागदावर मालकाचं मत लिहायचं होतं. अझरायाने मला सांगितलं, "लिही, चाळीस वर्षांत माझ्या शेडमध्ये इतका चांगला कामगार आला नाही. पुढे कुणी विचारलं तर मी हेच सांगेन." या वेळी मी लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवलं, खालची तारीखसुद्धा.

फेब्रुवारीत पैसे आले. मी जेवताना सांगितलं.

"किती?" त्याने विचारलं.

"पूर्ण. सात हजार."

"बरेच आहेत," तो म्हणाला, आणि मीठ मागितलं.

त्यातून आम्ही विंचची तार घेतली. शेल्बीला पदवीचं पत्र आलं आणि पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हरच्या बाजूला, मोठी जहाजं ओढणाऱ्या टगबोटीवर नोकरी लागली. पगार इतका की क्लूनीच्या बायकोने मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. मार्चच्या शेवटी ती निघाली. हमरस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशी बस थांबते, तिथवर आम्ही तिला ट्रकमधून घेऊन गेलो. आम्ही तिघं पुढच्या सीटवर बसलो होतो, ती मध्ये. तिने मला सांगितलं की विमानात जेवण देत नाहीत, आणि मी तिला सांगितलं की पिशवीत जॅमचा ब्रेड आहे, माशाचा वेगळा बांधला आहे.

बस आली. अझरायाने तिची बॅग आणि हत्यारांची पेटी उचलून बसच्या पोटात नेऊन ठेवली, पेटी घसरू नये म्हणून तिला बॅगेचा टेकू दिला. मी शेल्बीला मिठी मारली. तिचा चेहरा माझ्या टोपीत खुपसला होता, आणि ती म्हणाली, "त्यांना सांग ना काहीतरी."

मग ती त्याच्याकडे वळली आणि दोन्ही हात उघडून उभी राहिली, लहानपणी उभी राहायची तशी नाही, मोठ्या बाईसारखी, जरा अवघडून.

अझरायाने हातमोजा काढून खिशात घातला आणि उजवा हात पुढे केला. काम सोडून जाणाऱ्या चांगल्या माणसाला निरोप देताना करतात तसा.

शेल्बी त्या हाताकडे बघत राहिली. तिचे हात हळूहळू खाली आले. मग तिने आपला हातमोजा दातात धरून ओढून काढला आणि त्याचा हात हातात घेतला. दोघांनी हात हलवले, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो थांबला, पण तिने सोडला नाही. बसवाल्याने भोंगा वाजवला. तरीही तिने सोडला नाही. मग त्यानेच दुसऱ्या हाताने तिची बोटं एकेक करून सोडवली, हळू, दुखू नये अशी, आणि म्हणाला, "जा. उशीर होतोय."

बस वळणाआड जाईपर्यंत आम्ही उभे होतो.

परतीचा रस्ता पाऊण तासाचा आहे आणि मार्चमध्ये त्यावर सगळीकडे बर्फ असतं. ट्रकचा हीटर दोन वर्षांपासून चालत नव्हता. अझरायाने सबंध रस्ता एका डाव्या हाताने ट्रक चालवला. उजवा हात त्याने गुडघ्यावर ठेवला होता, उघडा, तळवा वर करून, आणि बोटं थंडीने निळी पडत चालली होती. हातमोजा त्याच्या खिशातून बाहेर डोकावत होता. मी त्याला घाल म्हणाले नाही.